सुजेची गोळी चिठ्ठीशिवाय नको

पायांवरची सूज उतरवणारी फ्युरोसेमाइडची गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय कोणत्याही दुकानातून विकली जाता कामा नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. छिंदवाडा जिल्ह्यात 2025 मध्ये खोकल्याच्या विषारी औषधाने मूत्रपिंडे निकामी होऊन लहान मुलांचे बळी गेले आणि मध्य प्रदेशात औषधविक्रीच्या तपासणीला वेग आला. ती तपासणी सिरपच्या बाटलीपाशी थांबू नये.

ही गोळी वाईट नाही. हृदय थकलेल्या रुग्णाचा श्वास तिच्यामुळेच मोकळा होतो. त्याने ती परस्पर बंद करणेही धोक्याचेच. पण या गोळीने लघवीवाटे पाण्याबरोबर सोडियम आणि पोटॅशियमही जाते. पोटॅशियम घसरले की पायांत गोळे येतात, हृदयाचे ठोके बिघडतात. मे महिन्याच्या उन्हात बालाघाट जिल्ह्यातील खैरलांजीच्या शिवारात राबणाऱ्याच्या अंगातले पाणी आधीच आटलेले असते. त्यात ही गोळी आणि वर अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅक घेतले, तर मूत्रपिंडावर घाव बसतो. शिवाय काहींची सूज रक्तदाबाच्या अॅम्लोडिपिनमुळेच आलेली असते. तिथे मूळ औषधाचा फेरविचार हवा, त्यावर दुसरे औषध चढवणे नव्हे.

बालाघाटच्या औषध प्रशासनाने खैरलांजी तहसिलीतील दुकानांच्या विक्रीनोंदी तपासाव्यात. खैरलांजीच्या सरकारी आरोग्य केंद्रात पोटॅशियम आणि क्रिएटिनिनची तपासणी नियमित व मोफत मिळावी. त्यासाठी म्हाताऱ्या रुग्णाला बालाघाटपर्यंत धाडू नये. उन्हाळ्यापूर्वी ही सोय झालीच पाहिजे.