छंदीफंदी : फिल्टरला विरजण



मागच्या खेपेला सिक्लिड मासे कुठले घ्यावेत ते लिहिलं होतं. त्यावर दोघा-तिघांनी विचारलं, "मासे ठीक आहेत रे, पण त्या कॅनिस्टर फिल्टरचं काय? खोकं आणून महिना झाला, उघडायचं धाडस होत नाही." तर यावेळी तेच.

माझी टाकी ५५ गॅलनची, म्हणजे साधारण २०८ लिटरची. आत आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले १२ म्बुना. (गोव्यात आवडीने खातात ती कालुंदरसुद्धा सिक्लिडच, पण तो विषय वेगळा!) म्बुना भांडकुदळ. टाकीत थोडी दाटी ठेवली की एकाच माशाला सगळा मार बसत नाही. पण दाटी म्हणजे घाणही जास्त, आणि म्हणूनच मोठा फिल्टर.

कॅनिस्टर म्हणजे टाकीखालच्या कपाटात बसणारा बंद डबा. टाकीतलं पाणी एका नळीने आपल्या वजनाने खाली येतं, डब्यातून गाळलं जातं आणि पंप ते दुसऱ्या नळीने वर ढकलतो. जोडताना एवढं सांभाळा :

१. खोक्यावर छापलेला प्रवाहाचा आकडा रिकाम्या डब्याचा असतो. आत सामान भरलं की तो उतरतो. माझा फिल्टर तासाला ३५० गॅलनचा आहे, म्हणजे कागदावर टाकीच्या सहापट. म्बुनांसाठी याहून लहान घेऊ नका.

२. पाणी आधी जाड स्पंजातून, मग बारीक स्पंजातून आणि शेवटी सिरॅमिक रिंगांतून जायला हवं. बहुतेक डब्यांत पाणी खालून वर चढतं, म्हणून जाड स्पंज सर्वांत खाली. आमच्या बे एरियातलं हेच हेचीचं पाणी फार मऊ, म्हणून मी एका टोपलीत पोवळ्यांची भरड घालतो. मलावीच्या माशांना जड, अल्कधर्मी पाणी लागतं.

३. झाकणाच्या ओ-रिंगवर एखादा केस किंवा वाळूचा कण राहिला तरी गळती होते. पुसा, थोडं सिलिकॉन ग्रीस लावा. पाणी ओढणारी जाळी वाळूपासून चार बोटं वर ठेवा. म्बुना सारखे उकरतात आणि वाळू पंपाचा पंखा खाते.

४. डबा पाण्याने भरल्याशिवाय पंप चालू करू नका. नंतर घरघर आली तर आत हवा आहे. डबा थोडा तिरका करून हलवा, बुडबुडे निघून जातील. आणि विजेची वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे ओघळलेलं पाणी सॉकेटात शिरत नाही.

झालं! अर्ध्या तासाचं काम. पण फिल्टर अजून सुरू झालेला नाही. सुरू झालाय तो नुसता पंप.

माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. स्पंज आणि रिंगांवर वाढणारे जीवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बरंच कमी घातक नायट्रेट करतात. खरा फिल्टर म्हणजे हे जीवाणू. ते आपोआप जमायला ४ ते ६ आठवडे लागतात. लवकर हवे असतील तर कुणाच्या तरी जुन्या, निरोगी टाकीतला मळकट स्पंज मागून आणायचा आणि आपल्या डब्यात ठेवायचा. थोडक्यात, विरजण! मला ते ऑफिसातल्या एका तमिळ मित्राने दिलं. पुढे मी ते आमच्या शेजारच्या कुटुंबाला दिलं.

आता माझा शहाणपणा ऐका. डिसेंबर २०२३ मध्ये आम्ही तीन आठवडे पुण्याला निघालो होतो. म्हटलं, जाण्याआधी फिल्टर चकाचक करून ठेवू. सगळे स्पंज, सगळ्या रिंगा सिंकमध्ये नळाच्या गरम पाण्याखाली घासल्या. भांडी लख्ख घासायची घरची सवय, दुसरं काय!

लहानपणी पुण्यात गोल्डफिशसाठी आम्ही बादलीत पाणी रात्रभर भरून ठेवायचो. क्लोरीन उडून जायचा. इथे सॅन फ्रान्सिस्कोच्या पाणीपुरवठ्यात २००४ पासून क्लोरामाइन वापरतात. ते रात्रभरात उडत नाही, त्यासाठी कंडिशनर घालावाच लागतो. टाकीत मी तो न चुकता घालायचो. स्पंजाला पण लागतो, हे डोक्यातच आलं नाही.

चौथ्या दिवशी पुण्यात पहाटे साडेपाचला फोन. तिकडे दुपारचे चार. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "भावोजी, मासे सगळे वर येऊन तोंडं उघडतायत. दोन तळाशी पडलेत."

एका क्षणात सगळं लक्षात आलं. जीवाणू मेले होते, अमोनिया साचत होता. त्यात मलावीचं पाणी अल्कधर्मी, आणि पीएच जितका जास्त तितका अमोनिया विषारी. फोनवरूनच सांगितलं : अर्धं पाणी बदला, कंडिशनर घालून, खाणं पूर्ण बंद. वहिनी थोडं थांबून म्हणाल्या, "आमच्या फिल्टरमधला स्पंज आणून टाकू का? तुम्हीच दिलेला आहे ना."

मी दिलेलं विरजण माझ्याकडे परत आलं. तरी १२ पैकी ५ गेले. सात वर्षांच्या लेकीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "पण बाबा, तू तर साफ केलं होतंस." याला काय उत्तर देणार? सुट्टीवर विरजण पडलं ते पडलंच.

तेव्हापासून घरात नियम आहे. टाकीतलं काढलेलं पाणी बादलीत घ्यायचं, त्यातच स्पंज दोनदा पिळायचे, बस्स. रिंगांना हात लावलाच तर एका वेळी निम्म्यांनाच. सगळं एकाच दिवशी धुवायचं नाही आणि प्रवासाच्या आदल्या आठवड्यात तर डबा उघडायचाच नाही.

आणि हो, फिल्टर नीट चालू लागला की त्यातला एक स्पंज ओळखीतल्या कुणाला तरी देऊन ठेवा. दही बिघडल्यावर आपण शेजारीच तर जातो ना? :-)

असो. पुढच्या वेळी मलावीसाठी दगड कसे रचायचे ते पाहू.

कळावे, लोभ असावा.