घटनेत विहीर का आली?

"भारताची घटना म्हणजे परदेशी घटनांची नक्कल" असे म्हणणारे आजही भेटतात. मित्रांनो, त्यांना एकच प्रश्न विचारा: विहिरी, तलाव आणि स्नानघाट हे शब्द कोणत्या देशाच्या घटनेतून उचलले?

प्रत्येक समाज आपल्या जखमा पाहून हक्क लिहितो. इंग्रज सैनिकांना घरात ठेवून घेण्याचा जाच अमेरिकेने भोगला होता. म्हणून १७९१ च्या तिसऱ्या दुरुस्तीने शांततेच्या काळात घरमालकाच्या संमतीशिवाय सैनिक ठेवण्यास मनाई केली. पण त्याच देशात गुलामगिरी १८६५ पर्यंत चालली. का? हक्क लिहिणाऱ्यांत गुलाम नव्हते!

आपली जखम वेगळी. मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली बोले ठराव केला. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केले. तरी पाणी बंदच! २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आणि हजारो माणसे ते पाणी प्यायली, तर त्यांच्यावर लाठ्या चालल्या आणि तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले. उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १९३७ उजाडले. इथे आडवे आले ते सरकार नव्हे, गाव. म्हणूनच आपले कलम १५(२) आणि कलम १७ केवळ सरकारला नाही, शेजाऱ्यालाही बांधते. मसुदा समितीच्या अध्यक्षपदी महाडचा सत्याग्रही होता, हे विसरू नका.

आणि आपला बुलढाणा? तो तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात. मुंबईचा ठराव इथे लागूच नव्हता. २६ जानेवारी १९५० ला एकाच कलमाने कोकणातले तळे आणि आपली सार्वजनिक विहीर, दोन्हींवर समान हक्क दिला. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या जिल्ह्याला या कलमाची किंमत वेगळी सांगावी लागू नये.

लढा थांबला की हक्क कागदावर राहतो. लढा चालू राहिला की कायद्याला नवे शब्द मिळतात. ॲट्रॉसिटी कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीत पाण्याचा नळ आला, स्मशानभूमी आली. ते कुणाच्या कृपेने आले नाहीत. गावोगावच्या माणसांनी अडवणूक सोसली, तक्रारी केल्या, म्हणून आले.

तेव्हा घटनेची मिरवणूक जरूर काढा; पण येत्या ग्रामसभेत उभे राहून कलम १५(२) मोठ्याने वाचा. मग विचारा: आपल्या गावात पाणी, रस्ता आणि स्मशान सगळ्यांना सारखे आहे का?

जयभीम!