बेसमेंटमधल्या थिएटरला माझा विरोध का?



येत्या रविवारी आमच्या सोसायटीची सर्वसाधारण सभा आहे. त्यातला एक विषय असा : बेसमेंट पार्किंगच्या अर्ध्या जागेत 'एंटरटेनमेंट झोन'. मोठा पडदा, रिक्लायनर, कराओके, पोरांसाठी गेमिंग. डिझायनरची चित्रं ग्रुपवर पडली आणि अंगठ्यांचा पाऊस सुरू झाला. त्यातला एक अंगठा माझ्याच मुलाचा. मी मात्र विरोधात मत देणार आहे.

आम्ही सिंहगड रोडला राहतो. २५ जुलै २०२४ ला एकतानगरीत पाणी शिरलं, त्या दिवशी आमच्या बेसमेंटमध्ये गाड्यांच्या सीटपर्यंत पाणी होतं. पाणी उपसायचा पंप कुठे होता? बेसमेंटमध्येच, पाण्याखाली! त्यानंतर दोनच दिवसांनी, दिल्लीत ओल्ड राजिंदर नगरला एका कोचिंग क्लासच्या तळघरात पाणी घुसलं आणि तीन विद्यार्थी बुडून गेले. कागदावर ते तळघर सामान ठेवायला होतं, प्रत्यक्षात तिथे वाचनालय चालायचं. आपलं कागदावर पार्किंग आणि प्रत्यक्षात थिएटर. फरक काय, कुणी सांगेल का?

काहीजण म्हणतात, "पाणी आलं तर दार उघडून बाहेर पडू." जरा हिशोब करा. एक मीटर रुंद दाराला बाहेरून अर्धा मीटर पाणी टेकलं, तर दारावर साधारण सव्वाशे किलोचा जोर येतो. पाणी एक मीटर झालं की पाचशे किलो. चार मुलांनी मिळून ढकललं तरी ते दार हलणार नाही. आणि आत आवाज एवढा, की वर पाणी आलंय हे कळणारच नाही.

"अमेरिकेत घरोघरी असतं की!" हो, असतं. तिथे थंड भागात जमीन गोठते, म्हणून पाया खोल न्यावा लागतो आणि तळघर ओघानेच मिळतं. शिवाय तिथल्या नियमांनुसार अशा तळघरातून थेट बाहेर पडता येईल अशी खिडकी किंवा दार लागतं. एवढं असूनही १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री आयडा वादळाच्या पावसात न्यूयॉर्कमध्ये तळघरांतल्या घरांत अकरा जणांचा जीव गेला. आपल्या चित्रांत खिडकीच नाही. एक जिना, एक रॅम्प, बस्स.

आता आग. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भिंतींना फोम लावणार. स्वस्तातला पॉलियुरेथेन फोम भराभर पेटतो, त्याचा धूर विषारी असतो आणि तो जिन्यानेच वर चढतो. म्हणजे माणसांची वाट तीच, धुराचीही तीच. १९९७ साली दिल्लीच्या उपहार सिनेमात आग पार्किंगमधल्या ट्रान्सफॉर्मरला लागली होती. ५९ माणसं गेली, ती मुख्यतः वर चढलेल्या धुराने गुदमरून. आपल्या बेसमेंटमध्ये मीटर रूम आहे, शेजारी पेट्रोलच्या गाड्या. त्याला लागूनच थिएटर बांधायचं?

आणि पार्किंगचं काय? बेसमेंट पार्किंगसाठी म्हणून एफएसआयमध्ये धरलं जात नाही. ती सवलत घ्यायची, तिथे रिक्लायनर टाकायचे आणि आपल्या गाड्या रस्त्यावर लावायच्या. मग ट्रॅफिकच्या नावाने बोंब मारायलाही आपणच पुढे!

मला सिनेमाचं वावडं नाही. तळमजल्यावरचा आपला हॉल वर्षभर तुटक्या खुर्च्या आणि गणपतीच्या मखराने भरलेला असतो. तो रिकामा करा. दोन दारं आहेत, मोठ्या खिडक्या आहेत. पडदा लावा, प्रोजेक्टर आणा. वर्गणीतले पहिले पाच हजार माझे.

सेक्रेटरी म्हणाले, "काका, तुम्ही प्रत्येक गोष्टीत खोडा घालता." घालतो बुवा. माझी नातवंडंही तिथेच खेळणार आहेत.

तुमच्या सोसायटीतही असा ठराव आला, तर हात वर करण्याआधी तीन प्रश्न विचारा : मंजूर नकाशात ही जागा कशासाठी आहे? बाहेर पडायचा दुसरा रस्ता कुठे आहे? आणि पाणी उपसायचा पंप कुठे बसवलाय? उत्तरं मिळेपर्यंत हात खालीच ठेवा.

पटलं तर तुमच्या ग्रुपवर पाठवा. नाही पटलं तर खाली बोला, मी उत्तर देईन.