कपाळ, भोवरा आणि कात्री

चेहऱ्याचा आकार पाहून केस कापण्याचा सल्ला नाशिकच्या कॉलेज रोडपासून गावोगावच्या सलूनपर्यंत सर्रास दिला जातो: गोल चेहऱ्याला डोक्यावर उंची, लांबट चेहऱ्याला फ्रिंज, चौकोनी जबड्याला मऊ लेअर्स. त्यात तथ्य आहे. रामकुंडावर मुंडण करून आलेला ओळखीचा माणूसही क्षणभर परका वाटतो, इतके केस चेहऱ्याचं प्रमाण बदलतात. तरीही आकारावरून थेट कात्रीकडे जाणं मला पटत नाही. १९६० च्या ‘लव्ह इन सिमला’ या चित्रपटासाठी अभिनेत्री साधनाच्या कपाळावर ऑड्री हेपबर्नच्या धर्तीची फ्रिंज आली, ती रुंद कपाळ झाकायला, म्हणजे प्रश्न अख्ख्या आकाराचा नव्हता, एका जागेचा होता. पुढे देशभर ‘साधना कट’ झाले, तेव्हा कपाळं कुणी पाहिली? शिवाय केसांचा स्वभाव असतोच. कुरळ्या केसांची फ्रिंज वाळली की आखडून वर चढते, कपाळाजवळ भोवरा असला तर दुभंगते. स्ट्रेटनरने हे सुटतं, असं कुणी म्हणेल. सुटतं, पण रोज सकाळी तापती पट्टी फिरवायची तयारी हवी, आणि पावसाळ्याच्या दमट हवेत दुपारपर्यंत केस पुन्हा मूळ वळणावर येतात. म्हणून खुर्चीत बसल्यावर पाण्याचा फवारा मारण्याआधी कोरडे, मोकळे केस दाखवावेत, भोवरा आणि नैसर्गिक भांग कुठे आहे ते सांगावं. चेहऱ्याच्या आकाराची चर्चा त्यानंतर.