साडेचारची घंटा

या स्मरणिकेसाठी आठवणी पाठवाव्यात, असे आवाहन संपादक मंडळाने माजी विद्यार्थ्यांना केले. आलेले लेख आम्ही चाळले, तेव्हा बहुतेकांत एक गोष्ट समान निघाली : पहाटे साडेचारची घंटा. कोणी तिला आपल्या यशाचे मूळ म्हटले आहे, कोणी निवृत्तीनंतरही त्या वेळेला आपोआप जाग येते असे लिहिले आहे. व्हरांड्यात टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर लोखंडी दांडा आपटून ती दिली जाई, हे तर प्रत्येकालाच आठवते. वेगवेगळ्या काळी ती घंटा द्यावयास लावणारे आम्ही तिघे माजी अधीक्षक. आमच्याच लेखणीतून तिच्याविरुद्ध काही उमटावे हे काहींना रुचणार नाही. तरीही लिहितो, कारण आठवी ते दहावीच्या मुलामुलींसाठी ही घंटा सकाळी सहाला करावी, असा प्रस्ताव आज व्यवस्थापन समितीपुढे आहे, आणि त्याला सर्वांत मोठा विरोध माजी विद्यार्थ्यांकडूनच होत आहे. आम्ही प्रस्तावाच्या बाजूने आहोत.

प्रथम त्या घंटेचा जन्म सांगणे भाग आहे. ती कोणा ऋषीच्या ब्राह्ममुहूर्तातून आलेली नाही, धम्मातूनही आलेली नाही. ती नळांतून आली. वसतिगृहात दोनशे मुले आणि न्हाणीघरात आठ नळ. प्रत्येकाला पाच मिनिटे धरली तरी सर्वांच्या आंघोळी उरकायला दोन तासांहून अधिक वेळ लागे, आणि साडेसहाला बुद्धवंदना. म्हणून साडेचार. उन्हाळ्यात टाकीचे पाणी संपायच्या आत उरकायचे, म्हणून कधी चारही. पुढे या अडचणीला आम्हीच शिस्तीचे नाव दिले, शिस्तीला संस्काराचे, आणि संस्कारावर मग भाषणे झाली. भाषणे करणाऱ्यांत आम्ही होतो. गंमत अशी, की नवे न्हाणीघर, तीस नळ आणि सौरबंब हे ज्या माजी विद्यार्थ्यांच्या वर्गणीतून उभे राहिले, तेच आता साडेचार सोडू नका म्हणतात. ज्या कारणासाठी घंटा होती ते त्यांनीच, स्वतःच्या खिशातून, दूर केले आहे.

आता आमच्या हातून घडलेले. एका वर्षी नववीत ऊसतोड कुटुंबातला एक मुलगा होता. दिवाळीनंतर आईवडील कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात जात, मुलगा वसतिगृहात राही. गणितात चांगला, पण पहाटे उठणे त्याला जमत नसे. घंटा होई, शेजारचे उठत, वळकट्या गुंडाळल्या जात, हा मात्र तसाच. आम्ही पांघरूण ओढले, न्याहारी बंद केली, पाणी भरण्याची शिक्षा दिली. थंडीच्या एका पहाटे आमच्यापैकी एकाने त्याच्या अंगावर तांब्याभर पाणी ओतले. आणि हे सर्व कमी पडले म्हणून भोजनगृहाच्या दारावर ‘कुंभकर्ण फलक’ लावला. त्यावर उशिरा उठणाऱ्यांची नावे रोज खडूने लिहिली जात. त्याचे नाव इतक्या वेळा लिहिले गेले, की पुढे पुढे ते पुसण्याचेही कष्ट कोणी घेईना. नाताळच्या सुटीत तो आईवडिलांकडे फडावर गेला तो परतला नाही. हजेरीपटावर ‘सतत गैरहजर’ असा शेरा पडला आणि पुढच्या जूनमध्ये नाव कमी झाले.

बऱ्याच वर्षांनी एका लग्नात तो आम्हांपैकी एकास भेटला. उसाच्या ट्रकवर चालक होता. वाकून ‘जयभीम सर’ म्हणाला, जेवणाच्या पंगतीत शेजारी बसला. तक्रार अशी त्याने केलीच नाही. बोलता बोलता सांगितले, की फडावर तो रोज तीनला उठत असे. आमच्या मनात जे आले ते त्याने ओळखले असावे. म्हणाला, ‘‘तिथं आम्ही आठला झोपायचो, सर. दिवा कुठला? अन् उठवायच्या आधी आई चुलीवर चहा ठेवायची, मग हाक मारायची. वसतिगृहात बारा-बारा वाजेपर्यंत डोळा लागायचा नाही, आणि सकाळी फलक डोळ्यांपुढे यायचा.’’

त्या एका वाक्यात आमच्या एकत्रित अनुभवाहून अधिक शहाणपण होते. आम्ही सकाळचे पहारेकरी झालो होतो. रात्रीकडे आमचे लक्षच नव्हते. अभ्यासिकेचे दिवे अकराला मालवले जात. अकरा ते साडेचार म्हणजे साडेपाच तास, तेही अंथरुणावर पडताच झोप लागली तर. अमेरिकेतील निद्रावैद्यकाच्या संस्थेने २०१६ साली तेरा ते अठरा या वयासाठी रोज आठ ते दहा तास झोप आवश्यक असल्याचे सांगितले. म्हणजे आमची मुले दररोज किमान अडीच तासांची उधारी करीत होती आणि शनिवारी दुपारी ती फेडताना आम्ही त्यांना पुन्हा आळशी म्हणत होतो.

पण एवढ्याने प्रश्न सुटत नाही, कारण ‘मग नऊला झोपवा’ हे उत्तर कोणीही देईल. वयात येताना शरीरातील घड्याळच पुढे सरकते, हे मेरी कार्स्केडन यांच्यासारख्या संशोधकांनी अनेक वर्षे मुलांचा अभ्यास करून दाखविले आहे. अंधार पडल्यावर मेंदूत मेलाटोनिन हे संप्रेरक स्रवू लागते आणि शरीराला रात्र झाल्याचा निरोप मिळतो. किशोरवयात हा निरोपच उशिरा पोचतो. सहावीतला मुलगा नऊला पेंगतो. तोच नववीत गेल्यावर साडेदहाला टक्क जागा असतो. त्याने काही ठरवलेले नसते. जर्मन संशोधक टिल रोनेबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली असे मांडले, की उशिरा झोपण्या-उठण्याकडे हा कल विशीच्या आसपास टोकाला पोचतो आणि मग हळूहळू उलटा फिरतो. आमच्यासारखे साठीपुढचे लोक पहाटे चारला जागे होतात तेही याच घड्याळाच्या कृपेने. त्यात तपश्चर्या नाही. उरले ते प्रकाशाचे काम. फडावरचा मुलगा दिवसभर उघड्यावर राबतो, सूर्य मावळल्यावर अंधारात असतो, त्याचे घड्याळ मागे ओढले जाते. अभ्यासिकेच्या पांढऱ्या नळकांड्याखाली अकरापर्यंत बसलेल्याचे पुढे ढकलले जाते.

ज्या देशांनी हे मनावर घेतले त्यांनी शाळेची वेळ बदलली. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१४ साली मोठ्या मुलांच्या शाळा साडेआठच्या आधी भरवू नयेत अशी शिफारस केली, आणि कॅलिफोर्निया राज्याने २०१९ साली तसा कायदा करून तो २०२२ पासून अमलात आणला. आपल्याकडे शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवावेत असे ठरविले. हेतू चांगला, पण सवलत मिळाली ती बहुधा आपणहून लवकर उठणाऱ्या चिमुकल्यांना. ज्यांचे शरीर खरोखर उशिरा जागे होते ते आठवी-नववीचे विद्यार्थी त्यातून बाहेरच राहिले.

आता धम्माचे. ‘बौद्ध शाळेत थीनमिद्धाला सवलत देणार काय?’ असा प्रश्न एका माजी विद्यार्थ्याने समितीला लेखी विचारला आहे. थीनमिद्ध, म्हणजे सुस्ती आणि पेंग, हे पाच नीवरणांपैकी एक, यात शंका नाही. परंतु त्याच बंधूंनी अंगुत्तरनिकायातील मोग्गल्लानांचा प्रसंग पुन्हा वाचावा. ध्यानाला बसलेले मोग्गल्लान पेंगत होते. तथागतांनी त्यांना एकामागून एक उपाय सांगितले : धम्माचे मनन कर, पाठ म्हण, कान ओढ, अंग चोळ, डोळ्यांवर पाणी मार, ताऱ्यांकडे पाहा, प्रकाशाची भावना कर, चंक्रमण कर. आणि एवढे करूनही पेंग गेली नाही, तर उठण्याची वेळ मनात धरून उजव्या कुशीवर झोप. महामोग्गल्लानांसारख्यालाही शेवटचा उपाय म्हणून झोपच सांगितली आहे. फलक कुठेच नाही.

याहून आम्हांला अधिक भिडते ती राहुलाची गोष्ट. विनयपिटकात ती पाचित्तिय नियमांच्या संदर्भात येते. उपसंपदा न झालेल्यांबरोबर भिक्षूंनी एका छपराखाली झोपू नये, असा नियम झाला होता. कोसंबीला भिक्षूंनी नियमावर बोट ठेवले आणि सामणेर राहुलाला, तुझी झोपण्याची जागा तू पाहा, असे सांगितले. जागा न मिळाल्याने तो पोर शौचकुटीत जाऊन झोपला. पहाटे तथागत तिकडे गेले, बाहेरून खाकरले. आतून राहुलही खाकरला. कोण आहे ते विचारले, इथे का बसलास ते विचारले, कारण ऐकले. आणि मग राहुलाला नव्हे, भिक्षूंना बोलावून नियम शिथिल केला : दोन-तीन रात्री सामणेरांबरोबर एका छपराखाली राहण्यास हरकत नाही. पिता म्हणून हे केले असे कोणी म्हणेल. आम्हांला वाटते, नियम करणाऱ्याने नियम कुणाच्या झोपेवर पडतो आहे हे पहाटे जाऊन पाहिले, म्हणून केले. आम्ही पहाटे रोज जात होतो. पण विचारीत नव्हतो.

विरोधकांचा सर्वांत वजनदार मुद्दा बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेबांच्या नावाने येतो, आणि तो टाळून चालणार नाही. बाबासाहेब रात्र रात्र वाचीत, मग आमची मुले सहाला उठणार काय, असे विचारले जाते. चरित्रकारांनी नोंदविलेले परळच्या चाळीतले दिवस आठवावेत. एकच खोली, त्यात सारे कुटुंब. रामजीबाबा भीमाला लवकर झोपवीत, स्वतः दोनपर्यंत जागत, मग त्याला अभ्यासाला उठवून आपण आडवे होत. या हकिकतीत लोकांना दोन वाजता उठणारा विद्यार्थी दिसतो. आम्हांला त्याआधी लवकर झोपविलेला मुलगा दिसतो, आणि त्याला झोप मिळावी म्हणून स्वतः जागणारा बाप दिसतो. सोलापूरला १९२५ साली बहिष्कृत हितकारिणी सभेने वसतिगृह उघडले ते मुलांना शिकता यावे म्हणून. मूल टिकणे, पुढच्या वर्गात जाणे, हेच वसतिगृहाचे प्रयोजन. ज्या घंटेपायी एक मूल जरी हजेरीपटावरून गळाले, तिचा अभिमान आम्हांला बाळगता येत नाही.

‘पोरे सैल पडतील’ ही भीती मात्र आम्ही खोटी मानीत नाही. सहाची घंटा आणि मध्यरात्रीपर्यंत उजेड असे झाले तर प्रस्ताव फुकट गेला. म्हणून आमचा आग्रह प्रस्तावात नसलेल्या एका कलमाचा आहे : अभ्यासिका साडेनऊला बंद, दहाला दिवे मंद, आणि भ्रमणध्वनी रात्री अधीक्षकांच्या कपाटात, अधीक्षकांचा स्वतःचाही. दहावीच्या पालकांना हे पटणे कठीण जाईल, हे ठाऊक आहे. त्यांना इतकेच सांगतो, की अर्धवट झोपेत वाचलेले सकाळी आठवत नाही, आणि तो तास कागदावर अभ्यास म्हणून मोजला जातो एवढेच.

घरी सुटीत आलेल्या मुलाविषयी पालक विचारतात. सकाळी नऊपर्यंत लोळतो, हाका मारून घसा बसला, असे आई सांगते. आमचा अनुभव सांगतो. लांबून, स्वयंपाकघरातून मारलेली हाक दहा वेळा मारावी लागते. जवळ जाऊन, खांद्यावर हात ठेवून मारलेली दोनदा. खिडकी उघडा, उजेड तोंडावर येऊ द्या. रविवारी तासभर जास्त झोपला तर झोपू द्या, तीन तास नको, नाहीतर सोमवारची रडकथा ठरलेली. संध्याकाळनंतरचा चहा बंद करा. भावंडांसमोर, पाहुण्यांसमोर त्याच्या झोपेची थट्टा करू नका. थट्टेने कोणी लवकर उठल्याचे आमच्या पाहण्यात नाही, अबोला धरल्याचे पुष्कळ आहे. आणि मूल महिनोन्महिने दहा-दहा तास झोपूनही मरगळलेले असेल, खेळातून, मित्रांतून मन काढून घेत असेल, तर आळस म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा. रक्त कमी असणे आणि मन खचलेले असणे, ही दोन्ही आम्ही त्या काळी आळसाच्याच खात्यात टाकली.

समितीची बैठक वर्धापनदिनानंतर आहे. प्रस्ताव संमत झाला, तर सहाची पहिली घंटा देण्याचा मान आमच्यापैकी एकास मिळावा अशी विनंती आम्ही केली आहे. रुळाचा तो जुना तुकडा भांडारात अजून आहे. ज्याने देण्याचे कबूल केले आहे तो त्या दिवशी साडेचारलाच जागा असेल आणि दीड तास व्हरांड्यात बसून राहील. मुलांना उठवणार नाही. चहा मात्र आधी ठेवलेला असावा, असे स्वयंपाकीणबाईंना सांगून ठेवले आहे.