फुकटचा फोन आणि ‘सर्व क्षेम’

सयाजीबागेत सकाळी फिरायला येणाऱ्या आम्हा पेन्शनरांचा एक ठरलेला बाक आहे. बसणारे आम्ही पाच. पैकी चौघांची मुले किंवा भावंडे परदेशी. आठाचा सुमार झाला की कुणाच्या ना कुणाच्या खिशातला फोन वाजू लागतो. अमेरिकेत त्या वेळी निजानीज व्हायची असते, आणि निजण्यापूर्वी घरच्यांची खबर घ्यावी असे तिकडच्या लेकराला वाटते. मग तो गृहस्थ उठून चार पावले बाजूला जातो आणि, ट्रंककॉलच्या काळातली सवय अजून गेलेली नसल्यामुळे, साऱ्या बागेला ऐकू जाईल अशा आवाजात सांगतो, “हो, हो, सगळं छान आहे. तब्येत अगदी ठणठणीत. तुम्ही कसे आहात? बरं तर, ठेवतो.” फोन खिशात जातो, गृहस्थ बाकावर परत येतात आणि आम्हाला म्हणतात, “काय सांगू, परवापासून पाय सुजलाय. डॉक्टर किडनी तपासून घ्या म्हणतात.”

खरे ते बाकाला सांगायचे आणि गोड ते मुलाला, असा हा रिवाज आहे. मी त्याच्यावर लिहायला बसलो आहे तो शहाणपण शिकवण्यासाठी नव्हे. मी स्वतः तो रिवाज दोनदा पाळला आहे आणि दोन्ही वेळा चुकलो आहे.

आमच्या पिढीत एक तक्रार नेहमी ऐकू येते. पत्रे गेली, त्यांच्याबरोबर जिव्हाळाही गेला. फोन फुकट झाला आणि बोलणेही फुकटचे झाले! मला ही तक्रार पटत नाही. आपली जुनी पत्रे एकदा काढून पाहावीत. ‘इकडील सर्व क्षेम, तिकडील क्षेम कळवावे’ ह्याने आरंभ, ‘लोभ असावा ही विनंती’ ह्याने शेवट, आणि मधल्या मजकुरात पाऊसपाणी, लग्नमुंजी व कुणाकुणाचे आशीर्वाद. निळ्या एरोग्रामच्या तीन घड्यांत मावेल तेवढेच लिहायचे आणि त्यातही वाचणाऱ्याच्या जिवाला घोर लागेल असे काही लिहायचे नाही, हा शिष्टाचार होता. त्या शिष्टाचाराला कारणही होते. पत्र पोचायला दहा-पंधरा दिवस, उत्तर यायला तितकेच. आजारीपणाची बातमी तिकडे पोचेपर्यंत इकडचा आजारी माणूस एक तर बरा होऊन हिंडू लागलेला असे, किंवा नसे. वाचणाऱ्याच्या हाती काळजीखेरीज काही येत नसे. ट्रंककॉलची तऱ्हा निराळी नव्हती. कॉल नोंदवून तासन्‌तास ताटकळायचे, बोलायचे असो वा नसो तीन मिनिटांचे पैसे मोजायचे, आणि त्या तीन मिनिटांत घरातल्या सात जणांनी “कसा आहेस?” एवढेच विचारायचे.

त्या महागाईचे मूळ थोडे समजून घेण्यासारखे आहे. पूर्वी दोन माणसे बोलत असेतो त्यांच्यासाठी एक अख्खी वाट राखून ठेवावी लागे. आई नुसती हुंदका देत उभी राहिली तरी वाट अडलेली आणि पैसे चालू. म्हणजे मौनाचेही दाम पडत! इंटरनेटवरच्या फोनने हा हिशेबच मोडला. आपला आवाज आकड्यांत बदलतो, त्याचे सेकंदाच्या पन्नासाव्या हिश्श्याएवढे बारीक तुकडे होतात, प्रत्येक तुकड्यावर पत्ता चढतो आणि समुद्राखालच्या तारांतून जाणाऱ्या लाखो लोकांच्या मजकुरात मिसळून तो पलीकडे जाऊन पुन्हा जोडला जातो. उशिरा आलेला तुकडा टाकून दिला जातो, म्हणून मधूनच आवाज तुटतो. स्वतंत्र वाट नाही, म्हणून वेगळे भाडे नाही.

आपल्या देशात असा फोन करण्याची कायदेशीर मुभा एप्रिल २००२ मध्ये मिळाली, तीही मर्यादित. पुढच्याच वर्षी स्काइप आले आणि कानाला मोठाले हेडफोन लावून संगणकासमोर बसलेली आजी घरोघर दिसू लागली. ते स्काइप मे २०२५ मध्ये बंदही झाले, इतकी ह्या गोष्टींची घाई! व्हॉट्सॲपवर बोलण्याची सोय २०१५ मध्ये झाली, तोंड पाहण्याची २०१६ मध्ये, आणि त्याच वर्षी आपल्याकडे इंटरनेट एकदम स्वस्त झाले. अंतर राहिले, अंतराचे भाडे गेले. मात्र भाडे गेले तरी आपली जीभ अजून तीन मिनिटांच्या हिशेबानेच चालते. दर उतरले, सवय उतरली नाही. माझे म्हणणे काय ते एवढेच आहे.

आता माझी हकीकत. कलाभवनाच्या परंपरेतल्या आमच्या इथल्या कॉलेजातून इंजिनियर होऊन धाकटा भाऊ १९८३ साली अमेरिकेला गेला. १९८६ च्या उन्हाळ्यात वडील आजारी पडले. दुखणे साधे नाही हे मला डॉक्टरांनी पहिल्याच आठवड्यात सांगितले होते. भावाची परीक्षा जवळ आलेली, तिकिटाचे पैसे कुणाजवळच नाहीत. मी पत्रात लिहिले, ‘ती. बाबांची प्रकृती मध्यंतरी थोडी नरम होती, आता आराम आहे.’ अक्षर माझे, मजकूरही माझाच. पुढे गेली ती तार. भाऊ दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराच्या पायऱ्या चढला तेव्हा तेराव्याची पाने मांडली जात होती. तो मला काही बोलला नाही. त्या पत्राबद्दल मी स्वतःला पुष्कळ दिवस दोष दिला आणि नंतर, काळच तसा होता, असे म्हणून सोडूनही दिले.

परंतु २०२२ च्या पावसाळ्यात आई न्हाणीघरात घसरून पडली. वय एकोणनव्वद, खुब्याचे हाड मोडलेले, शस्त्रक्रिया करावी लागली. भावाचा फोन दर रविवारी सकाळी येत असे. त्याला सांगितले, “आई झोपली आहे.” मधल्या वारी आला तेव्हा, “कॅमेरा बिघडलाय रे, नुसतं बोल.” नऊ दिवस आम्ही घरातली सगळी माणसे ह्या नाटकात पाठ केलेली वाक्ये म्हणत होतो. दहाव्या दिवशी आमच्या एका चुलत बहिणीने कुटुंबाच्या ग्रुपवर लिहिले, ‘काकूंना लवकर बरं वाटो.’ दहा मिनिटांत फोन वाजला. भाऊ ओरडला नाही. त्याने फक्त विचारले, “दादा, बाबांच्या वेळी पत्र होतं. आत्ता काय होतं?”

मला उत्तर सुचले नाही. आजही सुचत नाही. पत्राला पंधरा दिवस लागत होते. ह्या फोनला एक बोट लावण्यापलीकडे काही लागत नव्हते.

पुढची गंमत अशी, की त्याच बोलण्यात त्यानेही कबूल केले : मार्चमध्ये त्याच्या हृदयात स्टेंट बसवला होता आणि तो त्याने आम्हाला सांगितला नव्हता. आईला हे भीतभीतच सांगितले. ती म्हणाली, “मला वाटलंच होतं. एरवी तो रस्त्याने चालता चालता बोलतो, फोनमधून वारा ऐकू येतो. मध्ये तीन आठवडे वारा आला नाही.” म्हणजे ज्यांच्यापासून लपवायचे ती माणसे सगळे ऐकतच असतात. लपवून काळजी टळत नाही. उलट ज्याची त्याला ती एकट्याने वाहावी लागते.

“पण तिकडे त्यांना काळजी कशाला? करणार काय ते इतक्या लांबून?” असे आमच्या बाकावर हमखास म्हटले जाते. बडोदेकरांना एक जुनी गोष्ट आठवून देतो. १९१३ च्या आरंभी तरुण भीमराव आंबेडकर बडोदे संस्थानच्या नोकरीत नुकतेच रुजू झाले होते. थोड्याच दिवसांत वडिलांच्या आजाराची तार आली आणि ते तडक मुंबईला निघाले. २ फेब्रुवारीला रामजी गेले, पण पितापुत्रांची भेट झाली. तार करणाऱ्याने, नवी नोकरी आहे, पोराला कशाला घोर, असा विचार केला असता तर? यायचे की नाही, काय करायचे, हा निर्णय मुलाचा. आपण बातमीच दाबून ठेवली तर तो निर्णय आपणच त्याच्या वतीने करून टाकतो, आणि त्याला ‘माया’ हे नाव देतो.

म्हणून मला सुचवावेसे वाटते, ते अगदी घरगुती आहे. वाईट बातमी असेल ती पहिल्या मिनिटात सांगावी, ‘ठेवतो’ म्हणताना नव्हे. वृद्ध माणसाला आठवड्यातून एकदा तरी फोन एकट्याच्या हाती द्यावा, खोलीचे दार लोटून घ्यावे. सून, मुलगा शेजारी उभे असताना कोणती सासू खरे बोलेल? आणि परदेशी असणाऱ्यांनी “कशी आहेस?” वर न थांबता दुसरा प्रश्न विचारावा : काल जेवलीस काय? देवळापर्यंत चालत गेलीस का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर पाठ असते, दुसऱ्याचे नसते. बोलायचे संपले तर फोन तसाच चालू ठेवून आपापली कामे करावीत. मौनाचे दाम आता पडत नाहीत.

२०२४ च्या जानेवारीत आईने अन्न टाकले. डॉक्टर घरी येण्याआधी मी भावाला फोन केला आणि जसे होते तसे सांगितले. तो चौथ्या दिवशी आला. त्यानंतर आई सहा दिवस होती. त्या सहा दिवसांत दोघे फारसे बोललेही नाहीत. तो उशाशी बसून असे आणि ती मधून मधून त्याचा हात चाचपून पाही.

गेल्या आठवड्यात आमच्या बाकावरच्या त्या गृहस्थांनी अखेर मुलीला पायाच्या सुजेचे सांगितले. चार पावले दूर न जाता, आमच्या देखतच. ती रागावली, रडली, मग तिने रिपोर्ट मागवला. बोलणे चाळीस मिनिटे चालले आणि त्यांचा चहा गार झाला.

‘सर्व क्षेम’ हे वाक्य मोठे सुंदर आहे. ते जपून ठेवावे, आणि ज्या दिवशी ते खरे असेल त्याच दिवशी उच्चारावे.