सिंहस्थासाठी गाडी काढताय? आधी पाहुण्याचा प्रवास समजून घ्या



सध्या प्रत्येक बॅचमध्ये एक प्रश्न येतोच. "सर, सिंहस्थ येतोय. सात सीटर गाडी काढू का? बँक कर्ज द्यायला तयार आहे." इंदिरानगरचा मुलगा असो, पाथर्डी फाट्याचा असो नाहीतर सिडकोचा, प्रश्न तोच. माझं उत्तर बऱ्याच जणांना आवडत नाही, तरी स्पष्ट सांगतो. फक्त सिंहस्थाच्या भरवशावर गाडी काढू नका.

नाशकात येणाऱ्या माणसाला गाडी मिळते हो. पण कुठे उतरायचं, किती वाजता निघायचं, गाडी कुठपर्यंत जाते आणि तिथून आईला किती चालावं लागेल, हे त्याला कुणी नीट सांगत नाही. माझ्या मते खरा धंदा तिथे आहे, आणि तो सुरू करायला कर्ज लागत नाही.

आधी कागद-पेन घ्या

समजा गाडी १४ लाखांची. दोन लाख तुम्ही भरले, १२ लाखांचं कर्ज, १० टक्के व्याज, पाच वर्षं. हप्ता साधारण २५,५०० रुपये. ड्रायव्हरचा पगार १८,००० धरा. विमा, टॅक्स, टायर, सर्व्हिसिंग मिळून महिन्याला १०,००० बाजूला ठेवा. झाले ५३,५००. आता डिझेल आणि टोल वजा जाता एका फेरीमागे १,७०० रुपये उरतात असं धरू. म्हणजे महिन्याला ३१-३२ फेऱ्या झाल्या की तुम्ही शून्यावर! घरखर्चाचा पहिला रुपया त्यानंतर. आकडे तुमचे घाला, पण हिशोब हाच करा. आणि लक्षात ठेवा, हप्ता ६० महिने चालतो. त्यात पितृपक्ष येतो, परीक्षांचे दिवस येतात, मे महिन्याचं ऊनही येतं.

"पण सर, सिंहस्थात तर गर्दीच गर्दी." बघा, जाहीर झालेल्या तारखांप्रमाणे ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आहे. मुख्य अमृतस्नानं २ ऑगस्ट २०२७, ३१ ऑगस्ट २०२७ आणि नंतर नाशिकला ११ सप्टेंबर, त्र्यंबकला १२ सप्टेंबर. सगळ्यात मोठी गर्दी या मोजक्या दिवसांची. आणि नेमक्या त्याच दिवशी तुमची गाडी घाटापर्यंत जाणार नाही. २०१५ आठवा. बाहेरच्या गाड्या शहराच्या वेशीवरच्या पार्किंगला थांबवल्या होत्या. तिथून एसटीच्या बसने आत आणि पुढे पायी. २००३ च्या चेंगराचेंगरीत ३९ माणसं गेली. त्यानंतर प्रशासन गर्दीच्या बाबतीत सैल सोडेल, ही अपेक्षाच करू नका, आणि सोडूही नये.

त्यासाठी सिंहस्थाची वाट पाहायचीही गरज नाही. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला काय होतं? खासगी गाड्या त्र्यंबकच्या अलीकडेच थांबतात, पुढे एसटी. हे आपल्याला माहीत आहे. हैदराबादहून आलेल्या कुटुंबाला माहीत नाही. तुमचा धंदा या फरकात आहे.

पाहुणा अडकतो कुठे?

एकदा त्याच्या नजरेने नाशिक बघा. तिकिटावर 'नाशिक रोड' लिहिलंय. त्याला वाटतं उतरलो की गोदावरी समोर. पंचवटी तिथून साधारण १० किलोमीटर. त्र्यंबकेश्वर शहरापासून २८-३० किलोमीटर, म्हणजे स्टेशनवरून ४० च्या आसपास. शिर्डी जवळपास ९० किलोमीटर, तेही अगदी उलट्या दिशेला. वणीचा गड ६० च्या घरात, तिसऱ्याच दिशेला. विमानाने आला तर ओझरला उतरतो, शहरापासून साधारण २० किलोमीटर. आणि हा माणूस ठरवून आलेला असतो की एका दिवसात पंचवटी, त्र्यंबक आणि शिर्डी करून रात्रीची गाडी पकडायची!

बरं, बसने जायचं तर सीबीएस, ठक्कर बाजार, मेळा की महामार्ग? आपण सहज म्हणतो "स्टँडवर या". कोणत्या? सिटीलिंकची बस २०२१ पासून शहरात धावतेय, पण बाहेरच्या माणसाला तिचा नंबर कोण सांगणार?

"सर, मोबाईलवर नकाशा आहे की." आहे ना. नकाशा रस्ता दाखवतो. सोमवारी त्र्यंबकला दर्शनाच्या रांगेत किती तास जातील, ते तो सांगत नाही. संध्याकाळी इंदिरानगर बोगद्यापाशी थांबावं लागेल ते कदाचित दाखवेल, पण त्यासाठी अर्धा तास आधी निघा, असं पाहुण्याला आदल्या रात्री फोन करून सांगणार नाही. नारायण नागबली हा तीन दिवसांचा विधी आहे, तेव्हा परतीचं तिकीट चौथ्या दिवशीचं काढा, हेही सांगणार नाही. इगतपुरीच्या विपश्यना केंद्रातून दहा दिवसांचं शिबिर करून माणसं ठरलेल्या सकाळी बाहेर पडतात. तारीख महिनोन् महिने आधी माहीत असते. त्या सकाळची सोय कुणी आधी विचारून ठेवतं का?

मग विकायचं काय?

प्रवासाचं नियोजन विका. व्हॉट्सअॅपवर एक पान, पाहुण्याच्या भाषेत. कोणत्या गाडीने या, कुठे उतरा, सामान कुठे ठेवायचं, आंघोळीची सोय कुठे, पहाटे किती वाजता निघायचं, गाडी कुठे थांबेल, पुढे किती पायी, म्हाताऱ्या माणसाला काय सोय, पाऊस असेल तर काय, परत कधी निघायचं. शिवाय प्रवासाच्या दिवशी फोन उचलणारा माणूस. एका कुटुंबामागे समजा ५०० रुपये घेतले आणि महिन्याला ४० कुटुंबं झाली, तर २०,००० होतात. हप्ता शून्य. घर सांभाळून काम करणाऱ्या ताईंनाही हे जमण्यासारखं आहे. एखादीला गुजराती किंवा तेलुगू येत असेल तर तिने आजच सुरू करावं.

गाडी कुणाची? ज्यांच्याकडे आधीच आहे त्यांची. तुमच्या भागातले तीन-चार चांगले पिवळ्या पाटीचे गाडीवाले शोधा. ते तुम्हाला का विचारतील? कारण त्यांचं दुखणं रिकामी परत येणारी गाडी आहे. शिर्डीला सोडलं की ९० किलोमीटर रिकामं यायचं, डिझेल आणि टोल खिशातून. तुमच्याकडे त्याच दुपारी शिर्डीहून नाशिक रोडला येणारं कुटुंब असेल, तर त्याची कमाई वाढते आणि पाहुण्याचं भाडं कमी होतं. हे जुळवणं म्हणजेच तुमचं कौशल्य.

तीन गोष्टींत शॉर्टकट नको

पहिली, पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने लावू नका. "मित्राची आहे, कोण बघतंय" हे चालत नाही. परवान्याशिवाय प्रवासी वाहतूक बेकायदा आहे आणि अपघात झाला तर विम्याचे पैसे अडकू शकतात. सात जणांचा जीव आणि तुमचं घर, दोन्ही पणाला लागतं.

दुसरी, कागद. उद्यम नोंदणी फुकट होते, करून टाका. गाड्यांना प्रवासी मिळवून देण्याच्या कामाला मोटार वाहन कायद्याच्या कलम ९३ मध्ये परवान्याची अट आहे. काम सुरू करण्याआधी आरटीओत आणि सीएकडे विचारा. नियोजनाचे पैसे तुम्ही घ्या, गाडीभाडं पाहुण्याने थेट गाडीवाल्याला द्यावं. हिशोब स्वच्छ राहतो.

तिसरी, कमिशन. हॉटेलवाला देईल, प्रसादाचं दुकान देईल, "यांना आमच्याकडेच आणा" म्हणेल. माझं मत कडक आहे, घेऊ नका. पाहुणा तुम्हाला पैसे देतो कारण तुम्ही त्याच्या बाजूचे आहात. त्याला एकदा कळलं की तुम्ही त्याला वळवताय, तर तो पुढच्या दहा नातेवाइकांना तुमचा नंबर देणार नाही. भाडं सांगताना टोल, पार्किंग, ड्रायव्हरचा भत्ता, रात्रीचा मुक्काम, सगळं आधीच लिहून द्या. तीर्थक्षेत्री माणूस पैशापेक्षा फसवणुकीने जास्त दुखावतो.

या आठवड्याचा गृहपाठ

एक दिवस काढा. खांद्यावर जड बॅग घ्या, शक्य असेल तर घरातल्या वयस्कर माणसाला विचारून सोबत न्या. पहाटे नाशिक रोड स्टेशनवर उभे राहा आणि कुणालाही ओळखत नाही असं समजून त्र्यंबकला जाऊन परत या. प्रत्येक टप्प्याला वेळ, खर्च आणि चाललेलं अंतर लिहा. जिथे जिथे "आता काय?" असं वाटलं, तिथे खूण करा. पुढच्या सोमवारी पुन्हा जा, आकडे बदलतील. तेही लिहा.

या दोन दिवसांत जे पान तयार होईल, तो तुमचा पहिला माल. आधी दहा कुटुंबांना द्या, चुका दुरुस्त करा, मग दर ठरवा. वर्षभर हे काम चाललं, रोजच्या फेऱ्या हातात आल्या आणि मग गाडी घ्यावीशी वाटली, तर जरूर घ्या. तेव्हा हप्ता भरायला पर्वणीची वाट पाहावी लागणार नाही.